संकटसमयी सम्यक स्मृती

संकट सांगून येत नाही, असे आपण नेहमी म्हणतो. मध्यरात्री गावाहून फोन येतो. कारखान्याच्या फाटकावर अचानक टाळे दिसते. परीक्षेच्या सभागृहात प्रश्नपत्रिका हातात पडते आणि वर्षभर केलेला अभ्यास क्षणात पुसला जातो. घरातील वडीलधारे माणूस बोलता बोलता छातीला हात लावून खाली बसते. अशा प्रसंगी पहिल्या चारपाच मिनिटांत आपण जसे वागतो, त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. आणि नेमक्या त्याच चारपाच मिनिटांत आपले मन आपल्या ताब्यात नसते. पुढे शांत झाल्यावर आपणच म्हणतो, “त्या वेळी काही सुचलेच नाही.”

हे न सुचणे कशामुळे होते आणि त्यावर भगवान बुद्धांनी कोणता उपाय सांगितला आहे, याचा अल्पसा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही कोणी विद्वान किंवा साधक नाही. आपल्यासारखेच नोकरी व संसार सांभाळून धम्म समजून घेण्याचा प्रयत्न करणारे उपासक आहोत. म्हणून जे वाचले, जे अनुभवले आणि जिथे आमचे चुकले, ते सर्व येथे मांडीत आहोत.

सम्यक स्मृती म्हणजे काय?

आर्य अष्टांगिक मार्गाचे सातवे अंग म्हणजे सम्यक स्मृती, पालीत सम्मा सति. ‘सति’ या शब्दाचा मूळ अर्थ आठवण असा आहे. परंतु धम्मात त्याला अधिक खोल अर्थ आहे. आत्ता या क्षणी आपल्या शरीरात, मनात आणि भोवताली काय चालले आहे याचे भान न सुटणे, म्हणजे सती. आपण रागावलो असू तर ‘मी रागावलो आहे’ हे त्याच वेळी कळणे, म्हणजे सती. बहुतेकांना ते दोन तासांनी कळते, काहींना दोन वर्षांनी.

दीघनिकायातील महासतिपट्ठान सुत्तात या स्मृतीची चार क्षेत्रे सांगितली आहेत : काया, वेदना, चित्त आणि धम्म. शरीराकडे पाहणे, सुखदुःखाच्या संवेदनांकडे पाहणे, मनाच्या अवस्थेकडे पाहणे आणि मनात येणाऱ्या-जाणाऱ्या विषयांकडे पाहणे. याच सुत्तात चालताना, वळताना, हातपाय आखडताना व पसरताना, खाताना, पिताना, बोलताना आणि गप्प राहतानाही भान ठेवावे असे सांगितले आहे. म्हणजे ही साधना केवळ आसनावर बसून करावयाची नाही. ती रोजच्या व्यवहारात करावयाची आहे. सतीबरोबर ‘सम्पजञ्ञ’ हा शब्द वारंवार येतो. आपण काय करीत आहोत आणि ते कशासाठी करीत आहोत याची स्पष्ट समज, असा त्याचा अर्थ आहे. संकटात या दोहोंची गरज असते. भान हवे आणि समजही हवी.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची सततची जागृती असा सांगितला असून, दुष्ट विकारांवर मनाने ठेवलेला पहारा म्हणजेच सम्यक स्मृती असे स्पष्ट केले आहे. पहारेकरी झोपला की घरात चोर शिरतो. संकटाच्या वेळी भय, क्रोध आणि गोंधळ हे तीन चोर एकदम शिरतात.

दोन बाणांचा दृष्टांत

संयुत्तनिकायातील सल्लत्थ सुत्तात भगवंतांनी एक दृष्टांत दिला आहे. एखाद्या माणसाला बाण लागला आणि त्या पाठोपाठ दुसरा बाण लागला, तर त्याला दोन बाणांची वेदना होते. अज्ञ माणसाचे असेच होते. शरीराला दुःख झाले की तो शोक करतो, विलाप करतो, भ्रमित होतो. पहिला बाण शरीराला लागतो, दुसरा मनाला. धम्म जाणणाऱ्या श्रावकालाही पहिला बाण लागतोच. दुसरा मात्र लागत नाही.

हा दृष्टांत नीट समजून घेतला पाहिजे. धम्माचे आचरण केल्याने संकटे येणार नाहीत, असे भगवंत म्हणत नाहीत. आजार येईल, मृत्यू येईल, नुकसान होईल. परंतु त्या आघातावर आपण स्वतःच्या हाताने जो दुसरा आघात करून घेतो, तो टाळता येतो. ‘माझ्याच वाट्याला का?’, ‘आता सगळे संपले’, ‘हे सारे अमक्यामुळे झाले’ ही सारी दुसऱ्या बाणाची रूपे आहेत.

पटाचारेची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पती सर्पदंशाने गेला, दोन्ही मुले वाटेत गेली, आणि श्रावस्तीस पोहोचण्यापूर्वीच आईवडील व भाऊ घर कोसळून मरण पावल्याचे कळले. ती वेडीपिशी होऊन, अंगावरच्या वस्त्राचेही भान न राहता, भगवंतांसमोर आली. तेव्हा त्यांनी तिला प्रथम उपदेश केला नाही. ‘भगिनी, स्मृतीवर ये’ अशा आशयाचे शब्द त्यांनी उच्चारले, असे अट्ठकथेत सांगितले आहे. तिला प्रथम भान आले, लज्जा आली, कोणी दिलेले वस्त्र तिने पांघरले, आणि मग धम्म ऐकण्याची तिची तयारी झाली. पुढे हीच पटाचारा विनय जाणणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्रगण्य ठरली. या क्रमातून आपणही शिकावे. दुःखाने कोसळलेल्या माणसाला आधी तत्त्वज्ञान सांगू नये. आधी त्याला बसवावे, पाणी द्यावे, अंगावर चादर घालावी, हळूच नावाने हाक मारावी. भान आल्यावर बोलावे.

आमच्या हातून घडलेली चूक

दुसरा बाण आपल्यालाच लागतो असे नाही. पुष्कळदा तो समोरच्याला लागतो. याचा एक अनुभव सांगतो.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. ९ तारखेला बँका बंद होत्या. १० तारखेला त्या उघडल्या तेव्हा आमच्या शाखेबाहेर रस्त्यापर्यंत रांग होती. माणशी चार हजार रुपयांपर्यंतच्या नोटा ओळखपत्र पाहून बदलून द्यावयाच्या होत्या. रोख कमी, माणसे अपार आणि दर तासाला नवी विचारणा. त्या आठवड्यात शनिवार-रविवारची सुट्टीही नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वयस्क बाई आमच्या खिडकीशी आल्या. धुण्याभांड्याची कामे करणाऱ्या असाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेल्या पाचशेच्या तीन नोटा होत्या. ओळखपत्र होते, पण त्याची झेरॉक्स नव्हती. आम्ही त्यांच्यावर ओरडलो. “एवढा वेळ रांगेत उभ्या होता, वाचता येत नाही का बोर्डावर काय लिहिलंय?” असे शब्द आमच्या तोंडून गेले. त्या बाई काही बोलल्या नाहीत. नोटा पुन्हा पिशवीत घातल्या आणि रांगेतून बाहेर गेल्या.

ज्यांच्या आईवडिलांना अक्षरओळख नव्हती, अशा घरात आमचा जन्म झाला. बाबासाहेबांच्या पुण्याईने आम्ही शिकलो आणि खुर्चीवर बसलो. त्या खुर्चीवरून आम्ही एका मातेला ‘वाचता येत नाही का’ असे विचारले. सायंकाळी हिशेब लावला तेव्हा दोन हजार रुपये कमी भरले. कुणाला तरी एक नोट जास्त गेली होती. नियमाप्रमाणे ती रक्कम आम्ही खिशातून भरली, आणि ती भरून निघाली. त्या बाई मात्र पुन्हा आमच्या खिडकीवर आल्या नाहीत. ते देणे अजून आमच्या नावावर आहे.

त्या रात्री विचार केला तेव्हा लक्षात आले की, गर्दी हा पहिला बाण होता. तो सर्वांनाच लागला होता, रांगेतल्या माणसांना तर आमच्यापेक्षा जास्त. आमचे खांदे सकाळपासून ताठ होते, जबडा आवळलेला होता, श्वास वरच्या वर चालला होता. शरीर सूचना देत होते. आम्ही ती वाचली नाही. वाचता येत नव्हते ते आम्हालाच.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही एक साधी गोष्ट केली. एक माणूस खिडकीवरून गेला आणि दुसरा येण्यापूर्वी एक पूर्ण श्वास जाणीवपूर्वक घेतला आणि सोडला. काम तेवढेच होते. परंतु त्यानंतर त्या गर्दीत आमचा आवाज चढला नाही आणि हिशेबातही फरक पडला नाही.

सराव आधी, संकट नंतर

येथे एक महत्त्वाचा मुद्दा आहे. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो. आम्ही शिबिराला जाऊन आलो होतो, आनापानसती काय ते आम्हाला माहीत होते; पण रोजचा सराव सुटला होता. म्हणून वेळ आली तेव्हा ती माहिती कामी आली नाही.

संयुत्तनिकायातच तेलाच्या पात्राचा दृष्टांत आहे. एका माणसाला काठोकाठ भरलेले तेलाचे पात्र दिले आहे. देशातील सर्वांत सुंदर स्त्री नाचत-गात आहे, ती पाहण्यासाठी लोकांची दाटी झाली आहे, आणि त्या गर्दीतून त्याला जायचे आहे. मागे तलवार उगारलेला माणूस आहे. एक थेंब सांडला की शिर उडेल. तो माणूस पात्रावरचे लक्ष ढळू देईल काय? ते तेलाचे पात्र म्हणजे कायागत स्मृती, असे भगवंत सांगतात. गर्दीतही लक्ष ढळू नये, यासाठी रोजचा सराव लागतो.

थायलंडमधील गुहा

आपल्याच काळातील एक उदाहरण सर्वांना माहीत असेल. थायलंडच्या चिआंग राय प्रांतात थाम लुआंग नावाची लांबलचक गुहा आहे. २३ जून २०१८ रोजी फुटबॉल संघातील १२ मुले आणि त्यांचा २५ वर्षांचा साहाय्यक प्रशिक्षक एकापोल चांथावोंग गुहेत गेले. पाऊस आला, पाणी भरले आणि परतीची वाट बंद झाली. २ जुलै रोजी ब्रिटिश पाणबुड्यांना ते सापडले, तोपर्यंत नऊ दिवस ही मुले अंधारात अन्नावाचून होती. हा प्रशिक्षक पूर्वी अनेक वर्षे विहारात श्रामणेर म्हणून राहिला होता. त्याने मुलांना ध्यानास बसविले, शांत राहण्यास व शक्ती राखण्यास शिकविले. गढूळ पाणी न पिता भिंतीवरून झिरपणारे पाणी ती मुले प्यायली. आणि ती केवळ बसून राहिली नाहीत. दगडांनी भिंत खणून वाट मिळते का, हेही त्यांनी पाहिले.

८ ते १० जुलै या तीन दिवसांत सर्व तेरा जण सुखरूप बाहेर आले. त्यांना ध्यानाने बाहेर काढले, असे म्हणणे अंधश्रद्धा ठरेल. त्यांना बाहेर काढले ते पाणबुड्यांनी, डॉक्टरांनी, पाणी उपसणाऱ्या पंपांनी आणि देशोदेशींहून आलेल्या माणसांनी. पाणी उपसण्याच्या कामी तांत्रिक मदत करण्यास पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्स कंपनीचे तज्ज्ञही तेथे गेले होते. समन कुनान हे थाई नौदलातील माजी जवान ६ जुलै रोजी या कामात मरण पावले. मग ध्यानाने काय केले? मदत पोहोचेपर्यंत त्या मुलांना धीराने तग धरण्यास त्याने हातभार लावला. संकटात स्मृतीचे काम एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे. सुटकेनंतर प्रशिक्षकाने भिक्खू म्हणून आणि अकरा मुलांनी श्रामणेर म्हणून काही दिवस प्रव्रज्या घेतली आणि ते पुण्य समन कुनान यांना अर्पण केले.

सेदक सुत्तात बांबूवर कसरत करणारा गुरू व त्याचा शिष्य यांचा संवाद आहे. गुरू म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळीन. शिष्य म्हणतो, आपण दोघांनी आपापला तोल सांभाळला तरच खेळ पार पडेल. भगवंत शिष्याचे म्हणणे योग्य ठरवितात आणि पुढे सांगतात की, स्वतःला सांभाळणारा इतरांना सांभाळतो आणि इतरांना सांभाळणारा स्वतःला सांभाळतो. त्या अंधाऱ्या गुहेत नेमके हेच घडले.

शांत राहणे म्हणजे सहन करणे काय?

आमच्या तरुण कार्यकर्त्यांचा एक प्रश्न नेहमी असतो, आणि तो रास्त आहे. अन्याय होत असताना शांत राहा म्हणणे म्हणजे गुलामी शिकविणे नव्हे काय?

याचे उत्तर महाडच्या इतिहासात आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी घेण्यात आले. त्यानंतर अस्पृश्य लोक आता मंदिरात शिरणार, अशी अफवा पसरविण्यात आली आणि परतीच्या तयारीत असलेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. आपले लोक संतापले होते. बाबासाहेबांचा एक शब्द निघता, तर महाडात रक्त सांडले असते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, शिस्त मोडू दिली नाही आणि हल्लेखोरांविरुद्ध कायद्याचा मार्ग धरला. तळ्याच्या हक्काचा दावाही न्यायालयात लढविला, आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. १९२७ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतलेली नव्हती. परंतु क्षोभाच्या क्षणी उद्दिष्टावरची नजर ढळू न देणे, हा गुण तोच आहे. त्यांनी अन्याय सहन केला नाही आणि स्वतःचे भानही सोडले नाही. दहा वर्षे चाललेला लढा रागाच्या एका झटक्यावर लढता आला नसता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्गाचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे. सम्यक स्मृती त्या मार्गाचे अंग आहे. म्हणजे हा सराव आपल्या प्रतिज्ञेचाच भाग झाला.

सराव कसा करावा?

सुरुवात रोज दहा मिनिटांनी करावी. पाठ ताठ ठेवून बसावे आणि नैसर्गिक श्वास आत येताना व बाहेर जाताना पाहावा. मन भटकेल. त्याबद्दल स्वतःवर रागावू नये. आमच्या कामात नोटा मोजताना मध्येच कुणी हाक मारली आणि आकडा चुकला, तर अंदाजाने पुढे जाता येत नाही; गड्डी पुन्हा एकपासून मोजावी लागते. त्यात लाज नसते. मनाचेही तसेच आहे. भटकले, कळले, पुन्हा पहिल्या श्वासापासून. हे ‘कळणे’ म्हणजेच सरावाची कमाई.

दुसरे, दिवसातील एक काम निवडावे आणि ते पूर्ण भान ठेवून करावे. भांडी घासणे, जिना चढणे किंवा दाराला कुलूप लावणे, कोणतेही चालेल.

तिसरे, प्रत्यक्ष संकट आले की चार गोष्टी क्रमाने कराव्यात. प्रथम पाय जमिनीवर टेकले आहेत हे जाणावे. भीतीच्या वेळी शरीरात ॲड्रेनॅलिन हे द्रव्य स्रवते, त्यामुळे छाती धडधडते, श्वास उथळ होतो. म्हणून दुसरे, दोनतीन श्वास सावकाश सोडावेत. त्याने धडधड उतरण्यास मदत होते. तिसरे, मनात जे आहे त्याला नाव द्यावे : ‘ही भीती आहे’, ‘हा राग आहे’. चौथे, स्वतःला विचारावे, ‘आत्ता करण्यासारखी पहिली गोष्ट कोणती?’ आणि तेवढीच करावी. विद्यार्थ्यांनी प्रश्नपत्रिका हाती आल्यावर हेच करावे. पेन खाली ठेवून तीन श्वास घ्यावेत, पूर्ण प्रश्नपत्रिका एकदा वाचावी आणि येत असलेल्या प्रश्नापासून आरंभ करावा. या गोष्टीला एक-दोन मिनिटे लागतात. घाबरण्यात अर्धा तास जातो.

मात्र काही खबरदारी आवश्यक आहे. आग लागली असेल तर आधी बाहेर पडावे. छातीत दुखत असेल तर डोळे मिटून बसू नये. आपल्या राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, ती तात्काळ बोलवावी. स्मृती ही औषधाच्या जागी नाही. ज्यांच्या मनावर मोठा आघात झाला आहे, ज्यांना दिवसेंदिवस झोप नाही किंवा जगणे नकोसे वाटते, त्यांना ‘ध्यान करा’ एवढेच सांगून मोकळे होऊ नये. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जावे. तोही धम्मच आहे.

बंधू-भगिनींनो, पुढचे संकट कोणते आणि कधी, हे आपल्या हाती नाही. आजची दहा मिनिटे मात्र आपल्या हाती आहेत. आमच्या मंडळाच्या प्रत्येक सभासदाने व विद्यार्थ्याने ती स्वतःला द्यावीत, एवढीच विनंती. आपल्यासमोर रांगेत उभे असलेले माणूस आपल्यापेक्षा अधिक घाबरलेले असू शकते. त्याच्याशी बोलण्यापूर्वी घेतलेला एक श्वास त्याच्यासाठीही असतो. हे आम्हाला थोडे उशिरा समजले. आपणांस ते वेळेवर समजावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

नमो बुद्धाय! जय भीम!